बसम्मा नावाची छत्री

लातूरच्या एका लॉनमध्ये उगवलेल्या छोट्या तपकिरी भूछत्राला अखेर ‘बसम्मा’ हे नाव देण्यात आलं. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. खुद्द बसम्माबाई इरकल नेसून स्टेजवर बसल्या होत्या आणि काचेच्या पेटीतल्या त्या भूछत्राकडे, दाखवायला आणलेल्या पोरीकडे बघावं तशा बघत होत्या.

असं काही झालेलं नाही. वरचा मजकूर ज्यांनी वाचला असेल त्यांनी कृपया न वाचल्यासारखं करावं. त्या दिवशी लॉनमध्ये हजर असलेली सगळी माणसं हेच करतात. त्यांना जमतंय, म्हणजे फार अवघड नसणार.

तर मल्लेश.

मल्लेश लातुरातल्या एका क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचा. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं समोर बसायची. त्यातल्या एकालाही झाडापाल्याशी देणंघेणं नव्हतं, आणि मल्लेशला त्याचं वाईटही वाटत नसे, कारण त्याचा स्वतःचा जीव भूछत्रांत होता आणि भूछत्र ही वनस्पतीच नाही. हे तो दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायचा. पोरं मुकाट लिहून घ्यायची आणि विचारायची, “सर, हे परीक्षेला हाय का?”

भूछत्र म्हटलं की लोकांना लाल टोपी आणि तिच्यावरचे पांढरे ठिपके आठवतात. तसली भूछत्रं लातूरला येत नाहीत. ज्या गावाने प्यायचं पाणी रेल्वेने आलेलं पाहिलंय, त्या गावात असले चोचले उगवायला धजत नाहीत. इथे येतात त्या छोट्या तपकिरी छत्र्या. गवतात, मैदानात, शाळेच्या मागे, बसस्टँडच्या कडेला. चिंचोक्याएवढी टोपी, काडीएवढा दांडा, आणि सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असल्यासारख्या दिसणाऱ्या. मोठमोठे तज्ज्ञसुद्धा यांच्यापुढे गुडघे टेकतात, जरा वेळ बघतात, ‘छोटी तपकिरी’ एवढंच टिपून घेतात आणि चहाला जातात.

मल्लेशला याचा राग यायचा. उद्या माणसांची शिरगणती करताना कोणी ‘मध्यम सावळा’ एवढंच लिहून पुढच्या घरी गेला तर आपलं कसं होईल, असं तो म्हणायचा.

हा राग जगात आणखी एकाच माणसाला यायचा. त्याचं नाव अमरनाथ.

दोघे नांदेडला एम. एस्सी.ला एका खोलीत होते. ओळख पटवायची त्यांची एक पद्धत होती आणि ती पद्धत म्हणजे त्यांचा धर्म होता. छत्री सापडली की दोघांनी ती वेगवेगळी बघायची. बोलायचं नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही. मग पाठीला पाठ लावून उभं राहायचं, “एक, दोन, तीन” म्हणायचं आणि दोघांनी एकाच वेळी नाव उच्चारायचं. जुळलं तर ते नाव खरं. नाही जुळलं तर छत्री बिननावाची राहिली तरी चालेल, पण एकट्याच्या म्हणण्यावर नाव ठेवायचं नाही. कारण एकटं डोकं त्याला जे पाहिजे तेच बघतं.

जुळायचं क्वचितच. मुदखेड जंक्शनजवळच्या मैदानात एकदा त्यांनी भिंगातून बराच वेळ एक नमुना बघितला. “तीन” झाल्यावर मल्लेश म्हणाला, “शेणावरची!” आणि अमरनाथ म्हणाला, “सोड्याच्या बाटलीचं बूच!” ते बूचच होतं. त्या दिवसापासून मल्लेशचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा अमरनाथच्या डोळ्यांवर भरवसा बसला. एवढ्या खरं बोलणाऱ्या माणसावर न बसून काय करेल?

पुढे मल्लेश लातूरला परत आला आणि अमरनाथ नांदेडजवळच्या एका खाजगी केंद्रात लागला. अळंबी लावणाऱ्या लोकांना तिथून पिशव्यांत भरलेलं बियाणं जायचं. “काम काय करतोस?” असं विचारलं तर अमरनाथ म्हणायचा, “पिशव्या बघून राहिलो गड्या. चांगल्या एकीकडे, बाद एकीकडे.” बाद पिशव्यांचं पुढे काय करतो हे कोणी विचारलं नाही. मित्रामित्रांत असले प्रश्न येत नाहीत.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटाला अमरनाथचं लग्न लागलं. मुलगी लातूरची, मंजुश्री. तिचे वडील चंद्रप्पा म्हणजे लॉनचे मालक. लातुरात लॉन म्हणजे नुसतं गवत नव्हे. लॉन म्हणजे कमान, पार्किंग, पाचशे खुर्च्या, जनरेटर आणि मधोमध हिरवंगार गवत, ज्याच्यावर चपला घालून फिरायची सगळ्यांना मुभा आणि बसायची कोणालाच नाही. चंद्रप्पांचं त्या गवतावर पोटच्या पोरीएवढं प्रेम होतं. पोरीला त्यांनी सासरी पाठवलं, गवत ठेवून घेतलं.

त्या लग्नाच्या अक्षता मल्लेशच्या आईने केल्या होत्या. बसम्माबाईंचं ते कामच होतं. आपल्याकडे अक्षतांना जोंधळे लागतात. ते निवडायचे, कुंकवात आणि हळदीत रंगवायचे, गच्चीवर वाळवायचे आणि चिमूटचिमूट पुड्या बांधायच्या. गल्लीतल्या निम्म्या संसारांवर बसम्माबाईंच्या हातचे जोंधळे पडलेले होते, आणि ज्यांचं पुढे पटलं नाही तेही अक्षतांना दोष देत नव्हते. अमरनाथच्या लग्नात मात्र वऱ्हाड वाढलं आणि ऐनवेळी जोंधळे कमी पडले. मल्लेश तेव्हा मांडवात खुर्च्यांवर कव्हरं चढवत होता. घरी आला तर गच्चीभर लाल-पिवळे दाणे पसरलेले.

“मिळाले का गं अव्वा जोंधळे?”

“मिळाले बाबा. झाली सोय. जरा वल्ले हायत, आन् आभाळ भरून आलंय. वाळतेत का न्हाई कोण जाणे.”

बास. एवढंच बोलणं झालं. मल्लेशने “कुठून मिळाले?” असं विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे जेवायला गेले असते.

पण नाही विचारलं. उलट दुसऱ्या दिवशी त्याने ‘शुभमंगल’ म्हणताक्षणी अशी मनापासून मूठ फेकली की एक दाणा नवरदेवाच्या डोळ्यात गेला. अमरनाथ सगळ्या फोटोंत एक डोळा मिटून आहे. जिवलग मित्राने दिलेला आशीर्वाद किती जोराचा असू शकतो याचा तो पुरावा आहे.

श्रावणात चंद्रप्पांचा फोन आला.

“मल्लेश सर, शरणार्थ.”

“शरणार्थ काका. बोला.”

“आमच्या लॉनला काहीतरी झालंय.”

“काय झालंय?”

“उगवलंय.”

मल्लेश गेला. स्टेजसमोर, जिथे वरवधू उभे राहतात त्याच्या भोवती, गवतात अर्ध्या चंद्राच्या आकारात छोट्या तपकिरी छत्र्या उगवल्या होत्या. बाकी लॉनभर एक नाही. जणू वऱ्हाडी उठून गेले आणि त्यांच्या जागी या येऊन उभ्या राहिल्या.

“परवा उदगीरची पार्टी लॉन बघायला आली व्हती,” चंद्रप्पा म्हणाले. “त्यांची म्हातारी म्हणली, ही कुत्र्याची छत्री हाय, इख असतंय, लेकरं तोंडात घालतील. गेले की निघून! सर, तुम्ही फकस्त सांगा, ही कोण हाय? नाव कळलं म्हंजे हाकलायला बरं पडतंय.”

मल्लेशने पँट न दुमडताच गुडघे टेकले.

पहिली छत्री त्याने दांड्याला धरून वाकवली. गवतातल्या नाजूक तपकिऱ्या काडकन मोडतात. ही वाकली, मोडली नाही. दांड्याला वरच्या बाजूला करदोड्यासारखं एक पातळ कडं होतं. टोपी ओली असताना गुळाच्या रंगाची, आणि उन्हात जरा ठेवली की मधून फिकी पडत जाणारी, शेवटी भाकरीसारखी. वास घेतला. बंद डब्यातल्या जुन्या पिठाचा वास. मग त्याने टोप्या घरी आणल्या, अर्धा पांढरा अर्धा काळा कागद घेतला, त्याच्यावर टोप्या पालथ्या ठेवल्या आणि वरून वाट्या झाकल्या. रात्रभरात टोपीखालची पूड कागदावर झडते आणि तिचा रंग कळतो. छोट्या तपकिरीची जात टोपीवरून सांगणारा माणूस थापाड्या असतो. खरं काय ते ही पूड सांगते.

सकाळी बसम्माबाईंना चटणीला वाटी सापडेना.

“मल्लू, वाट्या काय केल्यास रं?”

“अव्वा, उचलू नको! त्यांच्याखाली माझं करिअर हाय!”

पूड तंबाखूच्या रंगाची निघाली. म्हणजे शेणावरच्या बाद, त्यांची काळी असते. गवतात गोल रिंगण धरणाऱ्या बाद, त्यांची पांढरी. गंजासारख्या पुडीच्या मऊ दांड्यावाल्या बाद. मल्लेशने या भागातल्या छत्र्यांवर छापलेलं जेवढं मिळालं तेवढं चाळलं. तंबाखूची पूड, वाकणारा दांडा, कडं, पिठाचा वास, गवतात, तेही अर्धचंद्रात. अशी एकही नाही.

त्याने पुस्तक मिटलं. ही नोंदवलेलीच नव्हती.

आणि ती उगवली कुठे होती? नेमकी अक्षता पडल्या तिथे. कुजलेल्या जोंधळ्यावर. त्याच्या आईने रंगवलेल्या जोंधळ्यावर. मल्लेश हळव्या स्वभावाचा नव्हता, बापाच्या मातीलाही तो खड्ड्याच्या कडेला आलेल्या बुरशीकडे बघत होता असं नातेवाईक सांगतात. पण त्या दिवशी तो भिंग, कागद, पुस्तक सगळं तसंच टाकून उठला.

“अव्वा,” तो स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, “हिला तुझं नाव द्यायचं.”

“कुणाला?”

“छत्रीला. शास्त्रात पद्धत हाय. जगातल्या सगळ्या पुस्तकांत तुझं नाव येणार. बसम्मा.”

बसम्माबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांचं नाव आजवर रेशनकार्डावर चुकीचं आलं होतं आणि लाइटच्या बिलावर नवऱ्याचंच चालू होतं.

“इखारी न्हाई ना ती?” त्यांनी विचारलं. “माझं नाव देशील आन् माणसं मरतील.”

“तपासतो. पण अमरनाथ आल्याशिवाय काहीच नाही. दोघांचं जुळलं पाहिजे.”

“मग बोलव त्याला. येसरची आमटी करते, त्याला आवडती.”

अमरनाथ नांदेडहून एसटीने निघाला. लोह्यापर्यंत तो फोनवर लई खुशीत होता. “बूच तर न्हाई ना रे गड्या? नीट बघितलंस?” अहमदपूरच्या पुढे मल्लेशने त्याला वर्णन सांगितलं आणि फोनची रेंज गेली. त्या रस्त्यावर रेंज जाते, त्यामुळे मल्लेशला काही वाटलं नाही.

लॉनमध्ये अमरनाथ छत्र्यांसमोर उकिडवा बसला. आता एरवी अमरनाथ नमुना मिळाला की पहिल्यांदा नाकाला लावायचा, मग जिभेच्या टोकाला, मग थुंकायचा. त्याने यातलं काहीच केलं नाही. भिंगही काढलं नाही. नुसता बघत राहिला, नात्यातला माणूस अनोळखी गावात भेटल्यावर बघतात तसा.

“बघितलास?” मल्लेशने विचारलं.

“हाव.”

“इतक्यात?”

“हाव म्हणलो की.”

दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले. चंद्रप्पा लांबून हात जोडून बघत होते. त्यांना हा पूजेचा भाग वाटला.

“एक. दोन. तीन.”

“नवी!” मल्लेश ओरडला.

“नवी,” अमरनाथ म्हणाला.

इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या गोष्टीवर त्यांचं पहिल्यांदा जुळलं होतं. मल्लेशने वळून त्याला मिठी मारली. अमरनाथची पाठ घामाने भिजली होती, श्रावणात, ढगाळ हवेत. मल्लेशने तो घाम आनंदाचा धरला. घामाचीही ओळख पटवायला पूड झडू द्यावी लागते हे त्याच्या लक्षात आलं नाही.

जेवताना मल्लेशने नावाचं सांगितलं. अमरनाथचा आमटीचा भुरका अर्ध्यावर थांबला.

“मावशीचं नाव?”

“मग? अव्वाच्याच अक्षतांवर आली की ती.”

अमरनाथने बसम्माबाईंकडे बघितलं. त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

“खा बाबा. मंजूला आणायचं व्हतंस की संगट.”

“ठेव की नाव,” अमरनाथ ताटात बघत म्हणाला. “कोण न्हाई म्हणतंय?”

तो एकटाच न्हाई म्हणू शकत होता. आमटी संपवून तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

मग पुढचं आपोआप झालं. मल्लेशने क्लासच्या संचालकांना सांगितलं, संचालकांनी बॅनर सांगितलं. ‘आमच्या सरांनी शोधली नवी प्रजाती! तुमचा पाल्य मागे का? प्रवेश सुरू.’ बॅनरवर मल्लेशचा फोटो मोठा होता आणि भूछत्राचा लहान, त्यामुळे नेमकी नवी प्रजाती कोणती याबद्दल चौकात गैरसमज झाला. सत्कार चंद्रप्पांच्याच लॉनमध्ये ठरला. ते खुश होते. नाव मिळाल्यापासून ते छत्र्यांना हाकलायचं विसरले होते आणि भोवती दोरी बांधून त्यांनी ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली होती.

आणि मल्लेशने एक गोष्ट गुपचूप केली. मित्राचंही नाव व्हावं, त्याच्या नोकरीत त्याला मान मिळावा, म्हणून त्याने अमरनाथच्या केंद्राचे प्रमुख श्रीशैल सर यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. अमरनाथला सांगितलं नाही. तोंडावर आनंद बघायचा होता.

सत्काराच्या दिवशी श्रीशैल सर कमानीतून आत आले तेव्हा मल्लेश अमरनाथच्या तोंडाकडेच बघत होता. तिथे जे दिसलं ते आनंदाच्या कुठल्याही वर्णनाशी जुळत नव्हतं.

पहिली खुर्ची बसम्माबाईंना दिली होती. त्यांच्या शेजारी मल्लेश. खाली पहिल्या रांगेत मंजुश्री, हातात अजून लग्नाचा चुडा, शेजारी चंद्रप्पा, आणि मागे दोन्हीकडचे पाहुणेरावळे, क्लासची पोरं, पोरांचे पालक. शाल झाली, नारळ झाला. संचालकांनी पेटीवरचा रुमाल ओढला आणि म्हणाले, “आजपासून हिचं नाव बसम्मा!” टाळ्या वाजल्या. एक सेकंदभर, खरं सांगायचं तर, ते झालं होतं.

सहसंशोधक म्हणून अमरनाथच्या हातात माईक देण्यात आला. तेवढ्यात श्रीशैल सर पेटीशी वाकले. चष्मा वर केला, झाकण काढलं, वास घेतला. मग त्यांनी छत्रीचा दांडा वाकवला.

“ही आमची आहे,” ते म्हणाले.

माईक जवळ होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. लोकांना वाटलं ‘आमची’ म्हणजे मराठवाड्याची. पुन्हा टाळ्या झाल्या.

“नाही, नाही. ही आमच्या केंद्रातली. परदेशी जात आहे, खायची. आपण हिचा प्रयोग केला होता. जोंधळा उकडून त्याच्यावर हिची पांढरी बुरशी वाढवली, तेच हिचं बियाणं. इथल्या हवेत नीट येईना, म्हणून सगळ्या पिशव्या बाद केल्या आणि चुन्यात पुरायला सांगितल्या.” ते अमरनाथकडे वळले. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. “पुरल्या होत्या ना तुम्ही?”

अमरनाथने माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मल्लेशच्या कानाशी बसम्माबाई हळूच कुजबुजल्या. “मल्लू, ते जोंधळ्याचं म्हणतेत का? लग्नाच्या आदल्या दिवशी अमरनाथनं पोतं आणून दिलतं, ते? मी म्हणलं बाबा, ह्याला पांढरं काय लागलंय, तर म्हणला, मावशी, किडीला पावडर मारलीय. रंगात दिसायचं न्हाई.”

मल्लेशला सगळं एकदम दिसलं. आईला पोतं माहीत होतं, बियाणं माहीत नव्हतं. त्याला बियाणं माहीत होतं, पोतं माहीत नव्हतं. दोन्ही माहीत असलेला माणूस समोर माईक धरून उभा होता. चुन्यात पुरायला खड्डा कोण खणत बसणार, मावशीला जोंधळे पाहिजेत, आपल्याकडे आहेत, दाण्याला दाणा. इतका साधा विचार. मल्लेशने तोही माफ केला. मनातल्या मनात, जागच्या जागी. अमरनाथने आता फक्त एवढंच बोलायचं होतं की चुकून झालं.

“सर,” अमरनाथ माईकमध्ये म्हणाला, “पोतं मल्लेशनं नेलतं.”

तो मल्लेशकडे बघत नव्हता.

“खोलीवर आलता माझ्या. मी आंघोळीला गेलो, तेवढ्यात घेऊन गेला. इथं पसरलं त्यानंच, नाव व्हावं म्हणून. मला आत्ता कळून राहिलं सर. दोस्त हाय, काय बोलणार.” आणि त्याचा आवाज खरोखर कापला. तो इतका चांगला कापला की मागच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्याला लावला.

मल्लेश उभा राहिला. तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्या सदऱ्याचं टोक मागून कोणीतरी धरलं.

बसम्माबाईंनी मान हलवली. एवढीशीच. त्यांचे डोळे खाली पहिल्या रांगेकडे होते, मंजुश्रीच्या चुड्याकडे.

मल्लेशला कळलं. खरं सांगायचं म्हणजे दोन्ही घरच्या पाहुण्यांसमोर सांगायचं की या पोरीच्या डोक्यावर पडलेल्या अक्षता म्हणजे पुरून टाकायचा माल होता. उद्या तिला शिंक आली तरी लोक अक्षतांचं नाव काढतील. आणि रंगवल्या कोणी होत्या?

तो खाली बसला. माणूस उभा राहिला आणि काही न बोलता बसला, याला लातुरात कबुली म्हणतात.

चंद्रप्पा उठले, दोरी उपटली आणि पाटी काखेत मारून निघून गेले. जाताना ‘सर’ म्हणाले नाहीत. दिलेली शाल परत घ्यायची रीत नसल्यामुळे शाल राहिली. नारळ संचालकांनी नेला, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात दुसरा सत्कार होता. बॅनरवर मल्लेशच्या चेहऱ्यावर एका गुणवंत विद्यार्थिनीचा फोटो चिकटवण्यात आला. तो जरा लहान पडला, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंनी मल्लेशचे कान दिसत राहिले. मल्लेश क्लासला गेला नाही. कोणी बोलावलंही नाही.

रिक्षात बसम्माबाई म्हणाल्या, “जाऊ दे. माझं नाव तसंबी लांबच हाय. पुस्तकात मावलं नसतं.”

आणि घरी जाऊन त्यांनी इरकल घडी करून ठेवली. अक्षतांचं काम त्यानंतर त्यांनी घेतलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, डोळ्याला दिसत न्हाई. सुईत दोरा मात्र त्या एका झटक्यात ओवायच्या.

अमरनाथचा फोन आला तो गौरी-गणपती उरकल्यावर.

“मल्लेश, रागावला का?”

मल्लेशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नोकरी गेली असती गड्या. नवीन लग्न हाय. सासरे समोर बसलेले. तुझं काय, तू हुशार हाईस, तुला दुसरी कायबी छत्री घावंल.”

“एक सांग,” मल्लेश म्हणाला. “त्या दिवशी लॉनमध्ये तू बघताक्षणी ओळखली होतीस.”

“हाव.”

“मग ‘तीन’ म्हणल्यावर ‘नवी’ का म्हणलास?”

“तू ‘नवी’ म्हणणार हे मला माहीत व्हतं, म्हणून.”

नांदेडच्या बाजूने एसटीचा हॉर्न ऐकू आला.

“आणि मुदखेडला?” मल्लेशने विचारलं.

“ते खरंच बूच व्हतं,” अमरनाथ म्हणाला. “आईशप्पथ.”

मल्लेशने फोन ठेवला. शिवी देता आली असती, पण पाठीला पाठ लावून इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला शिवी देताना तोंड कुठे करायचं हेच त्याला कळेना. पोलिसांत जावं तर आईने सदरा धरलेला. पेपरात द्यावं तर मंजुश्रीचा चुडा. आपलं असं त्या लग्नात काय गेलं, जे कोणाचं नाव न घेता परत मागता येईल, याचा त्याने नीट, शास्त्रीय पद्धतीने विचार केला. एकेक बाद करत गेला. मैत्री बाद, तिला पुरावा नाही. नाव बाद, ते आईचं होतं. शेवटी एकच गोष्ट उरली जी त्याने स्वतःच्या हाताने, भरल्या मनाने, साक्षीदारांसमोर दिली होती.

त्याने कोरा कागद घेतला.

*प्रति,*
*मा. विवाह नोंदणी अधिकारी, लातूर.*

*विषय: अक्षता परत मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, चि. अमरनाथ व चि. सौ. कां. मंजुश्री यांच्या विवाहप्रसंगी अर्जदाराने एक मूठ अक्षता सद्भावनेने वराच्या दिशेने टाकल्या होत्या. पैकी एक दाणा वराच्या डोळ्यात गेल्याची नोंद छायाचित्रांत आहे. सदर अक्षता ज्या समजुतीवर टाकण्यात आल्या होत्या ती समजूत आता अस्तित्वात राहिलेली नाही. वधूकडे गेलेल्या अक्षतांवर अर्जदाराचा कोणताही दावा नाही, त्या तिच्याकडे सुखरूप राहाव्यात. अक्षता कोणी रंगवल्या याची चौकशी करण्यात येऊ नये.*

*तरी वराच्या वाट्याची मूठ, उगवली असल्यास उगवलेल्या स्थितीत, डोळ्यातील दाण्यासह मोजून, अर्जदारास परत करण्यात यावी, ही नम्र विनंती.*